पन्नास दिवसांचं सुतक

कुरोसे, १२ नोव्हेंबर

चिगुसा,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची आपल्याकडची रीत. पण नऊ वर्षांनी लिहिताना तुझ्याकडच्या थंडीची चौकशी करायची लाज वाटते. आशीर्वादही लिहीत नाही. तुला तो नको असला तर परत पाठवायची काही सोय नसते.

पत्ता मात्सुएच्या आत्याकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस. दोनदा तिनं नाही म्हटलं, तिसऱ्यांदा दिला. हाकोदातेला तुझं बरं चाललंय, मुलगी आता चार वर्षांची आहे, एवढंच तिनं सांगितलं. मुलीचं नाव तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लिहायला कारण असं, की आपल्या देवस्थानाचं नाव वर्तमानपत्रात आलंय. तिकडे पोचलं असेल किंवा पोचेल, म्हणून म्हटलं आधी माझ्याकडून कळावं. देवळामागच्या ओढ्याच्या घळीत एक परदेशी विद्यार्थिनी पडून गेली. मंगोलियाची होती, वय तेवीस. मात्सुएच्या विद्यापीठात जुन्या लाकडी बांधकामांचा अभ्यास करत होती, आणि वर्षभर आपल्या देवळाची मापं घ्यायला येत होती. ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला, शनिवारी पडली. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, दगडांवर शेवाळ होतं. रविवारी सकाळी मशरूम गोळा करायला गेलेल्या बायकांना ती दिसली.

पोलीस दोनदा येऊन गेले. त्यांनी अपघात म्हणून नोंद केली. मला विचारलं, तेव्हा त्या दिवशी ती देवळात आली नव्हती असं मी सांगितलं. कुणाचा दोष नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

तेव्हा काळजी करू नकोस. माझं बरं आहे. गुडघे तेवढे दुखतात, पायऱ्या हळू चढतो.

कुनिहिको


कुरोसे, २० नोव्हेंबर

चिगुसा,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं असं धरतो.

मागच्या पत्रात मी त्या मुलीचं नावसुद्धा लिहिलं नाही हे पाकीट पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. सोलोंगो. तिच्या भाषेत याचा अर्थ इंद्रधनुष्य.

गेल्या वर्षी याच दिवसांत ती पहिल्यांदा आली. पाठीला नकाशांची नळी, हातात मोजपट्टी. पुस्तकात शिकलेली भाषा बोलायची, त्यामुळे सगळ्यांशी अतिशय अदबीनं. देवळातल्या मांजरालाही अहोजाहो करायची. "आपण जरा बाजूला सरकता का?" असं ती मांजराला म्हणाली तेव्हा मी कितीतरी महिन्यांनी हसलो.

मग दर शनिवारी ती येऊ लागली. आपल्या देवळाचे खांब, तुळया, कोपऱ्यांतले सांधे, सगळं तिनं मोजलं. एकही खिळा न मारता साडेसहाशे वर्षं ही इमारत उभी कशी, याचं तिला वेड लागलं होतं. मी जन्मापासून त्या खांबांना टेकून बसतोय. पूर्वेकडचा तिसरा खांब इतरांपेक्षा बोटभर बारीक आहे हे मला तिच्याकडून कळलं. दुपारी आम्ही कचेरीच्या ओसरीवर जेवायचो. मी भाताचे गोळे करून न्यायचो, ती थर्मासमधून मीठ घातलेला दुधाचा चहा आणायची. पहिल्या घोटाला मला ओकारी आली होती. उन्हाळ्यापर्यंत मी शनिवारी घरून चहा न पिता वर जाऊ लागलो होतो.

तोंडानं फटकळ होती. एकदा म्हणाली, "गुरुजी, तुमच्या देवाचं घर एवढं मोठं, पण खिडकी एकही नाही. आमच्या तंबूला निदान वर भोक तरी असतं."

देवाला बाहेर काय बघायचंय, असं मी म्हटलं.

"आम्ही एवढ्या लांबून येतो ते," ती म्हणाली.

तिची आई दोन वर्षं आजारी होती. दर शनिवारी इथून ती आईला फोन लावायची आणि फोन उंच धरून देऊळ दाखवायची. आईनं तिला शपथ घातली होती की शिक्षण पुरं केल्याशिवाय परत यायचं नाही. भाऊ होता आईजवळ. हे सांगताना ती माझ्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करत राहायची. मी तिला कधी म्हटलं नाही, की जा, बघून ये. म्हणायला हवं होतं, नाही का? तुला हे विचारायचा मला हक्क नाही, ते ठाऊक आहे.

तिचं एकच काम राहिलं होतं. गाभाऱ्याच्या मागची बाजू. तिथल्या अंगणात माझ्याखेरीज कुणी जात नाही, त्यामुळे छपराचा मागचा कणा तिला काढता येत नव्हता. ओढ्याच्या वरच्या कातळावरून तो दिसतो, हे तिला मीच सांगितलं होतं. लहानपणी मी तिथं चढायचो, असंही.

कुनिहिको


कुरोसे, २९ नोव्हेंबर

चिगुसा,

पोलिसांना मी म्हटलं की त्या दिवशी ती देवळात आली नव्हती. हे खोटं नव्हतं. ती आत आली नव्हती, कारण मी तिला येऊ दिलं नाही.

दोन पत्रं लिहून मी या वाक्यापर्यंत आलोय. आता पुढचं सांगतो.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी देवळाच्या हद्दीच्या कमानीखाली पानं झाडत होतो. ती पायऱ्या चढून आली. पाठीला नळी नव्हती. चेहरा असा सुजलेला, की आधी मला वाटलं दुसरंच कुणी आहे. वर येऊन तिनं नेहमीसारखा नमस्कार केला आणि म्हणाली, "आई बुधवारी गेली."

तिसऱ्या दिवशी, म्हणजे कालच, माती दिली. निघाली असती तरी पोचली नसती. भावानं येऊ नकोस सांगितलं. हे सगळं तिनं सलग सांगितलं, पाठ केल्यासारखं. मी दुःखाच्या प्रसंगी बोलायचं ते बोललो. त्यात काही चुकलं नाही. मग ती कमानीकडे निघाली आणि मी हातातला झाडू आडवा धरला.

"सोलोंगो, आत नको. तुला सुतक आहे."

तिला तो शब्द माहीत नव्हता. घरात मृत्यू झाला की त्या माणसानं देवाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नसतं, हे मी तिला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. ती नीट ऐकत होती. वही असती तर लिहूनही घेतलं असतं.

"किती दिवस?"

"आईचं पन्नास."

"गुरुजी, मी वर नाही जात. आत देवळाच्या खालच्या पायरीपाशी उभी राहते. आई म्हणाली होती, तुझ्या त्या देवापुढं एकदा माझं नाव घे. तेवढं घेते आणि लगेच येते."

"पन्नास दिवसांनी ये. देव कुठं पळून जात नाही."

हे मी हसून म्हणालो, चिगुसा. तिला बरं वाटावं म्हणून.

 ती म्हणाली, "आणि बाहेरून बघितलं तर चालेल?"

"बाहेर कुठंही उभी राहा. कमानीच्या बाहेर मी कोण अडवणारा?"

तिनं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि खाली उतरली. मी उरलेली पानं झाडली. ओढ्याकडची वाट पायऱ्यांच्या मध्यावरून फुटते. ती तिकडे वळली का, हे बघायला मी मान वर केली नाही. तो कातळ हद्दीच्या बाहेर आहे. तिथून गाभाऱ्याचं छप्पर समोर दिसतं. तिनं माझा शब्द मोडला नाही.

एवढं लिहून हात थांबायला हवा होता. पण ज्या माणसानं झाडू आडवा धरला तो कोण, हे या जगात फक्त तुला माहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वीचा, तेहेतीस वर्षांनी येणारा उत्सव. आदल्या दिवशी पहाटे सावाको गेली. तू आईचा हात धरून बसली होतीस. मी घड्याळ बघितलं आणि पहिला विचार आला तो पालखीचा. मी सांगितलं असतं तर मला सुतक लागलं असतं, दुसरा पुजारी एका दिवसात कुठून मिळणार होता? मी तुला म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत कुणाला कळता कामा नये. तू दारं लावून घेतलीस. बाजारातून बर्फ आणून आईच्या अंगाभोवती लावत राहिलीस. मी दोन दिवस पांढरी वस्त्रं घालून देवापुढं उभा राहिलो, लोकांवरून शुद्धीची कागदी झालर फिरवली, गाभाऱ्याचं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा तू विचारलंस, "बाबा, लोकांना किती वाजता गेली म्हणून सांगू?"

मी वेळ सांगितली. डॉक्टरनी तीच लिहिली.

पन्नासाव्या दिवशी तू बॅग भरलीस.

तेव्हापासून मी सुतकाच्या बाबतीत फार कडक झालो. गावात सगळे म्हणतात, आमच्या गुरुजींसारखं सोवळं कुणी पाळत नाही. स्वतःसाठी एकदा मोडलेला नियम दुसऱ्यांकडून पाळून घेतला की तो पुन्हा सांधला जातो, असं मला वाटत असावं. त्या मुलीला अडवून आणखी एक दिवस मी देवाला माझा कडकपणा दाखवत होतो. दुसरं काहीही नव्हतं.

कुनिहिको


कुरोसे, ८ डिसेंबर

चिगुसा,

सोलोंगोचा भाऊ आला होता. व्हिसा मिळायला त्याला महिना लागला. तोवर तिच्या अस्थी विद्यापीठाजवळच्या एका बौद्ध मठात ठेवल्या होत्या. गान्झोरिग त्याचं नाव. खाणीत ट्रक चालवतो. तीस-बत्तीसचा असेल, हात फावड्यासारखे, आणि अंगात कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट, बाह्या आखूड. बरोबर दुभाषी म्हणून सोलोंगोच्याच वसतिगृहातली एक मुलगी होती, ओयुना.

त्याला ती जागा बघायची होती. मी दोघांना ओढ्याच्या वाटेनं नेलं. कातळाच्या खाली पोलिसांनी बांधलेली दोरी अजून तशीच आहे.  तिथं वाकून त्यानं ओढ्यातला एक दगड उचलला, पुसला, आणि पुन्हा जिथं होता तिथंच ठेवला.

मग त्यानं काहीतरी विचारलं. ओयुनानं सांगितलं, "त्या दिवशी ती तुम्हाला भेटली होती का, असं विचारतोय. ती दर वेळी तुमच्याबद्दल सांगायची म्हणे. आईलासुद्धा सांगायची."

मी दोन रात्री जागून हे वाक्य तयार करून ठेवलं होतं. म्हणालो, "भेटली होती. आईचं नाव घ्यायला देवापुढं जाऊ द्या म्हणाली. मी जाऊ दिलं नाही. बाहेरून बघ म्हणालो, म्हणून ती इकडे आली."

ओयुना माझ्याकडे बघत राहिली. मग भावाकडे वळून चार-पाच शब्द बोलली, जास्त नाही. त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ते कपाळाला लावले.

मला कळलं, तिनं माझं बोलणं सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, मी बोललो ते त्याला सांग.

ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला सांगितलं, की ती भेटली होती आणि तुम्ही तिच्याशी मायेनं बोललात. चार दिवसांत त्याची आई गेली, बहीण गेली. उद्या मांडीवर कलश घेऊन विमानात बसायचंय त्याला. हे त्यानं कशाला न्यायचं? तुमचं आहे, तुम्हीच ठेवा."

परतताना पायऱ्यांपाशी मी त्याला हातानं खुणावलं, वर चल. कमानीतून, माझ्याबरोबर. ओयुनानं त्याच्याशी बोलून मला सांगितलं, की तो येणार नाही. घरात मृत्यू झालेल्यांनी तुमच्याकडे आत जायचं नसतं हे सोलोंगोच्या वहीत त्यानं वाचलंय. तिनं कधीतरी सगळ्या रीती लिहून ठेवल्या होत्या, तो शेवटचाच मुद्दा होता. तो म्हणतो, बहिणीला जे आवडायचं त्याचा मान मी राखीन.

म्हणजे तिला तो शब्द माहीत होता, चिगुसा. ती सगळं जाणून आली होती. तरी आली होती.

निघताना मी त्यांच्या आईचं नाव विचारलं. त्सेत्सेग. फूल.

कुनिहिको


कुरोसे, ४ जानेवारी

चिगुसा,

तू फोनवर म्हणालीस, आता लिहू नका. हे शेवटचं. तुझा आवाज ऐकून मला आधी कळलंच नाही कोण आहे. वाटलं सावाकोच्या माहेरचं कुणी. तू म्हणालीस, "बाबा, ही पत्रं तुम्ही मला लिहिलेली नाहीत. ती मुलगी उरली नाही म्हणून माझा पत्ता शोधलात."  तुझं बरोबर आहे. नऊ वर्षं तू जिवंत होतीस आणि मी लिहिलं नाही. मागे लहान मुलगी काहीतरी गुणगुणत होती, तेवढं ऐकलं. तेवढ्याबद्दल रागावू नकोस.

तू विचारलंस, मला लिहून काय होणार, गावाला सांगायची हिंमत आहे का. म्हणून हे लिहितोय. मी सांगितलं.

वीस डिसेंबरला देवस्थानचे पाचही मानकरी कचेरीत बोलावले. सावाको कधी गेली, मी काय केलं, सगळं सांगितलं. सोलोंगोचंही सांगितलं. म्हटलं, मी देवाला विटाळलंय, पुजारीपद सोडतो, काय शिक्षा करायची ती करा. मला वाटत होतं, आता कुणीतरी उठून अंगावर येईल. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

रोकुरो तोफूवाले, आता ब्याऐंशीचे, त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "झालं सांगून?" असं त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"गुरुजी, हे आम्हाला त्याच दिवशी ठाऊक होतं. शेजारची तोकी तुमच्याकडे भांडं परत द्यायला गेली होती, तिला मागच्या दाराच्या फटीतून दिसलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं."

मी विचारलं, मग कुणी बोललं का नाही.

"काय बोलायचं? तेहेतीस वर्षांनी उत्सव आलेला. पालखी उचलायला पोरं ओसाकाहून रजा काढून आलेली. तुम्ही गप्प बसलात, आम्हीही बसलो. आणि झालं काय? काही नाही. त्या वर्षी भात चांगला आला."

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोकुरोंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "त्या पोरीला वर सोडलं असतंत ना, तरी कुणी काही म्हटलं नसतं. कुणाला कशाला कळलं असतं?"

मग नव्या वर्षाच्या गर्दीसाठी मांडव कुठं घालायचा, यावर चर्चा सुरू झाली. राजीनाम्याचा कागद माझ्यासमोर तसाच पडून होता. उठताना कुणीतरी तो घडी करून माझ्या हातात दिला.

नऊ वर्षं मी ज्यांच्यापासून लपवलं त्यांना ठाऊक होतं. ज्या नियमासाठी तिला परत पाठवलं तो या गावात कधीचाच कुणी धरत नव्हतं. मीच तेवढा कमानीखाली झाडू घेऊन उभा होतो. त्या दिवशी तिला अडवणारं दुसरं कुणीच नव्हतं, देवसुद्धा नव्हता.

एक तारखेला सकाळी चारशेच्या वर माणसं आली. मी वस्त्रं घातली. नवा पुजारी मिळेपर्यंत तरी गुरुजी, असं मानकरी म्हणाले. नवा कोण येणार या डोंगरात? पायऱ्यांवर रांग लागली होती. वरून बघितलं तर कमानीच्या बाहेर, रांगेपासून वेगळी, तोशिनो उभी होती. होडीवाल्या कात्सुजीची बायको. नोव्हेंबरअखेरीला तो गेला. हात जोडून, डोळे मिटून ती खालूनच नमस्कार करत होती.

मी रांग सोडून खाली उतरलो. तिला म्हटलं, तोशिनोबाई, वर चला. मी सांगतोय, काही होत नाही.

ती घाबरली. दोन पावलं मागे सरकली. "नको गुरुजी. माझ्यामुळे देवाला विटाळ नको. तुम्हीच तर सांगितलंत ना सगळ्यांना, अजून दिवस भरायचेत."

मी पुन्हा म्हटलं. तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि रडायला लागली. लोक बघू लागले. मी तिच्याजवळ कमानीच्या बाहेर उभा राहिलो. तिला सांगण्यासारखा प्रत्येक शब्द याआधी मीच उलटा करून सांगितलेला होता. वरून कुणीतरी हाका मारत होतं, शुद्धी खोळंबलीय म्हणून.

तोशिनोनं पदरासारखी शाल तोंडाला लावली आणि म्हणाली, "तुम्ही जा गुरुजी. लोक थांबलेत."

मी वर गेलो.

बाबा